इच्छेचे मोल

बालसाहित्यकृतीवरून निर्माण झालेल्या चित्रपटाची चर्चा बहुधा मूळ कृतीशी असलेल्या निष्ठेच्या प्रश्नापाशी अडून राहते. काय गाळले, काय बदलले याची मोजदाद केली, की समीक्षकाचे काम संपते. वास्तविक माध्यमांतरात गाळणे आणि बदलणे अपरिहार्यच असते. अधिक महत्त्वाचा प्रश्न असा, की जे गळले त्याबरोबर त्या कृतीचा नैतिक कणाही गळून पडला काय? या दृष्टीने जर्मन लेखक मिखाएल एंडे (१९२९–१९९५) यांची ‘न संपणारी कथा’ या अर्थाच्या नावाची १९७९ मधील कादंबरी आणि तिच्या आधारे वोल्फगांग पेटर्सन यांनी दिग्दर्शित केलेला ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ हा १९८४ मधील चित्रपट यांची तुलना उद्बोधक ठरते.

कादंबरीतील बास्टियन हा स्थूल, भित्रा, एकाकी शाळकरी मुलगा. आई वारलेली, आणि त्या दुःखाने वडील अबोल झालेले. वर्गातील मुलांच्या छळापासून पळताना तो जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात शिरतो, तेथून एक पुस्तक चोरतो आणि शाळेच्या माळ्यावर लपून वाचू लागतो. त्या पुस्तकातील कल्पनाराज्य ‘शून्य’ गिळत चालले आहे. बालसम्राज्ञीला कोणा मानवाने नवे नाव दिले तरच ते वाचेल. अत्रेयू नावाचा किशोर उपाय शोधत हिंडतो. अखेर वाचणारा बास्टियनच ते नाव उच्चारतो आणि कथेत प्रवेश करतो. चित्रपट येथून थोड्याच वेळात संपतो. रोमन वर्णमालेतील एकेका अक्षराने आरंभ होणाऱ्या २६ प्रकरणांची ही कादंबरी मात्र येथे निम्मीच झालेली असते. एंडे यांना चित्रपट मान्य झाला नाही. त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि ते दावा हरले. निवाडा कायद्याच्या कक्षेतला होता. साहित्यविचाराचा प्रश्न त्याने मिटत नाही.

कादंबरीच्या उत्तरार्धात बास्टियनच्या गळ्यात बालसम्राज्ञीचे पदक येते. इच्छेप्रमाणे वागावे, अशी आज्ञा त्यावर कोरलेली आहे. तो सुंदर होऊ इच्छितो आणि होतो. बलवान, शूर, विख्यात होऊ इच्छितो आणि होतो. परंतु प्रत्येक पुरलेल्या इच्छेबरोबर त्याची एक आठवण नाहीशी होते. देखणा झालेला बास्टियन आपण कधी लठ्ठ व बेढब होतो हे विसरतो. ही हानी केवळ माहितीची नाही. ज्याची टवाळी झाली होती तो मुलगाच त्याच्यातून निघून जातो आणि त्याच्याबरोबर दुसऱ्याची वेदना ओळखण्याची शक्तीही जाते. म्हणूनच पुढे तो सम्राटपदाच्या लोभाने, ज्याच्यासाठी वाचताना त्याने अश्रू ढाळले होते, त्या अत्रेयूलाच तलवारीने जखमी करतो. साऱ्या आठवणी संपलेल्या, वेड्या झालेल्या पूर्वीच्या सम्राटांचे नगर पाहिल्यावर त्याला आपले भवितव्य कळते.

भारतीय वाचकाला येथे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील उतरंड आठवेल. तेथेही कामापासून निघालेली वाट क्रोध आणि संमोह यांतून स्मृतिभ्रंशापाशी आणि पुढे बुद्धिनाशापाशी पोचते. एंडे यांचा मार्ग मात्र निराळा आहे. कादंबरीतील सिंह बास्टियनला समजावतो, की पदकावरील आज्ञेचा अर्थ मनास येईल ते करणे असा नव्हे. आपली खरी इच्छा ओळखून ती आचरणे असा आहे, आणि त्याहून अवघड काही नाही. ती खरी इच्छा एका इच्छेतून दुसरीकडे जात, गमावत गमावतच सापडते. प्रेम करता यावे ही बास्टियनची शेवटची इच्छा. तिचे मोल म्हणून आईवडिलांची आठवण जाते आणि अखेरीस स्वतःचे नावही.

चित्रपटात हे मोल नाही. जितक्या अधिक इच्छा, तितके कल्पनाराज्य वैभवशाली, असे तेथे सम्राज्ञी सांगते. बास्टियन उडत्या ड्रॅगनवर बसून आपल्या शहरात येतो आणि छळणाऱ्या मुलांना पळवून लावतो. गांजलेल्या मुलाला एवढे समाधानही देऊ नये काय, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. शिवाय या चित्रपटाचे यशही मान्य केले पाहिजे. आपल्या बलदंड हातांना मित्रांना धरून ठेवता आले नाही म्हणून त्या हातांकडे पाहत बसलेला पाषाणभक्षक ही चित्रपटाची स्वतंत्र आणि अविस्मरणीय प्रतिमा आहे. परंतु सूड म्हणजे परिवर्तन नव्हे. आरंभी न्याहारीच्या वेळी दिसलेले, मुलाला दिवास्वप्ने सोडण्याचा उपदेश करणारे वडील चित्रपटाच्या शेवटी दिसतही नाहीत. जी जखम दाखवून कथा सुरू झाली ती तशीच राहते. कादंबरीत मात्र परतलेल्या मुलाची हकिगत ऐकताना गोठलेल्या पित्याच्या डोळ्यांत पाणी येते.

१९९० मधील दुसऱ्या चित्रपटाने उत्तरार्धातील स्मृतिनाश घेतला खरा. पण तेथे आठवणी हिरावून घेणारे यंत्र दुष्ट चेटकिणीचे आहे. पहिल्या चित्रपटाने इच्छेचे मोल वगळले, दुसऱ्याने ते परक्याच्या दुष्टाव्याच्या खाती मांडले. एंडे यांच्याकडेही चेटकीण आहे आणि ती बास्टियनला चिथावते. मात्र स्मृती हरवतात त्या तिच्यामुळे नव्हे. ते इच्छेचे अंगभूत शासन आहे. दोष देण्यास दुसरा कोणी नसणे, हीच या कथेची नैतिक प्रौढता होय.

एका बारीक तपशिलात हा भेद पूर्ण प्रकट होतो. चित्रपटातील बास्टियन पुस्तक परत करण्याचे आश्वासन चिठ्ठीत लिहून ठेवतो. चोरी उसनवारी ठरते. कादंबरीतील बास्टियन चोरी करतो, आणि सारे भोगून आल्यावर दुकानदारासमोर उभा राहून ती कबूल करतो. मुलांना अपराधाचा डाग दिसू नये म्हणून आपण कथा धुऊन स्वच्छ करतो, तेव्हा कबुली देण्याचे धैर्यही त्याच पाण्याबरोबर वाहून जाते. पहिल्या प्रकरणात तेथून पळून गेलेला मुलगा शेवटच्या प्रकरणात त्याच दुकानाचे दार स्वतःहून उघडतो. आपल्या कृत्याची आठवण त्याला परत मिळाली आहे, एवढे त्यासाठी पुरते.