पाहुण्याची तिथी

सणाची सुट्टी रविवारला जोडून आली की आमच्यात पहिला विषय निघतो तो पलीकडे जाण्याचा. आम्ही म्हणजे घाटावरून येऊन कोकणातल्या उर्दू शाळांत नोकरी करणारे तीन-चार शिक्षक, आणि पलीकडे म्हणजे वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे. अलीकडे दापोली तालुक्यातले दाभोळ, पलीकडे गुहागर तालुक्यातले धोपावे. २००३ सालापासून या दोन काठांमध्ये फेरीबोट चालते. रस्त्याने जायचे तर चिपळूणचा मोठा वळसा पडतो. बोटीने थोड्या वेळात माणूस मोटारसायकलसह मित्राच्या काठावर उतरतो. जाणे इतके सोपे झाले, की जायला कारणही लागत नाही. म्हणूनच एक प्रश्न विचारावासा वाटतो. सुट्टीत आपण मित्राकडे जातो, तेव्हा ती सुट्टी नेमकी कोणाची असते?

पाहुण्याची असते, यात शंका नाही. मित्राची अर्धीमुर्धी असते. पण त्याच्या घरातल्या बाईची? पहाटे मासळीवालीची वाट पाहायची, कोलंबी सोलायची, तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या, रात्री गाद्या काढायच्या. उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात, तेव्हा चार पाहुण्यांची आंघोळ म्हणजे चार जास्तीच्या खेपा. आम्ही दस्तरखानावर बसून म्हणतो, "भाभी, तुम्हीही बसा ना." त्या म्हणतात, "तुम्ही घ्या, मी नंतर जेवते." हे 'नंतर' कधी येते, हे पाहायला पाहुणा ओट्यावर गेलेला असतो, खाडीचा वारा घ्यायला.

आमच्या उर्दूत एक शब्द आहे, तकल्लुफ. यजमान म्हणतो, "तकल्लुफ करू नका." पाहुणा म्हणतो, "तुम्ही तकलीफ घेऊ नका." मुलांना शब्दांची कुळे शिकवताना आम्ही सांगतो, की हे दोन्ही शब्द अरबीच्या एकाच धातूतून आले आहेत. बाहेरून जो शिष्टाचार दिसतो, त्याच्या पोटात कष्ट असतात. भाषेने हे नाते लपवलेले नाही. आपणच ते ऐकेनासे झालो आहोत.

पाहुणचार तीन दिवसांचा, ही शिकवण आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडते. तीन दिवसांची जोडून सुट्टी आणि तीन दिवसांचा पाहुणचार, हिशेब कसा अगदी जुळतो! पण त्या शिकवणीचा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही. यजमानाची अडचण होईल इतके पाहुण्याने राहू नये, असेही तिथेच बजावले आहे. म्हणजे तीन दिवस हे यजमानासाठी कर्तव्य आहे आणि पाहुण्यासाठी मर्यादा. यजमानाचे कर्तव्य आपण आपला हक्क म्हणून वाचू लागलो, की माणुसकीचा नियम वसुलीचा कागद होतो.

हा नियम कोणत्या काळात रुजला, हेही पाहिले पाहिजे. वाळवंटातून किंवा समुद्रातून येणारा माणूस थकून, कधी जिवावरचे संकट टाळून दारात उभा राहत असे. आपल्याच किनाऱ्यावर १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली. अमावस्येच्या सणासाठी घरी निघालेल्यांसह सहाशेहून अधिक माणसे गेली. अशा काळात माणूस दारात पोहोचला, हीच आनंदाची गोष्ट होती. त्याला पाणी, अन्न, निवारा देणे म्हणजे गरजवंताला देणे होते. आज पाहुणा ताजातवाना येतो आणि यजमान थकतो. गरजवंत बदलला, पण नियम आपण जुन्याच बाजूने वाचतो.

यावर कोणी म्हणेल, मैत्रीत कसला आला हिशेब? पाहुणा आपले नशीब घेऊन येतो, असे कोकणातली वडीलधारी माणसे मनापासून मानतात. न जेवता निघालात तर त्यांचे मन दुखावते. हा आक्षेप खरा आहे. मोजमाप करून जाणाऱ्या पाहुण्यापेक्षा हक्काने चहा मागणारा मित्र बरा. पण भाभींनी स्वतःच्या कष्टांचा हिशेब ठेवू नये हा त्यांचा मोठेपणा. पाहुण्याने तो ठेवू नये हा मात्र त्याचा मोठेपणा नव्हे.

इथे बोट काही शिकवते. 'अतिथी' म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो, अशी फोड आपण शाळेत शिकलो. पण होडीने येणाऱ्याला पूर्वी तिथी पाहावीच लागे. तिथीची पाऊणपट केली की ढोबळमानाने भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा हिशेब किनाऱ्यावरच्या माणसाला तोंडपाठ असतो. पाणी चढल्यावर यायचे आणि पाणी उतरण्याआधी निघायचे. आता इंजिनाची बोट आहे, तरी शेवटची फेरी ठरलेलीच आहे. "अजून थोडं थांबा" या आग्रहाला यजमानाला मागे घेता येत नाही आणि पाहुण्यालाही मोडवत नाही. तिथे बोट दोघांची लाज राखते. गाडीने येणाऱ्याला असा आधार नसतो. त्याने आपली तिथी स्वतःच ठरवायला हवी.

दाभोळला धक्क्याजवळ एक जुनी, देखणी मशीद आहे. विजापूरची शहजादी हजला निघाली होती, इथून पुढे जाणे जमले नाही, तेव्हा सोबतच्या पैशातून तिने ती बांधली, अशी कथा गावात सांगतात. कथेत किती इतिहास आहे ते अभ्यासक ठरवोत. अडकून पडलेल्या पाहुणीने गावाला काहीतरी दिले, एवढे तरी गावाने पिढ्यानपिढ्या लक्षात ठेवले.

आपल्याला मशीद बांधायची नाही. मासळी जाताना आपणच घेऊन जावी, भाकरी करता येत नसेल तर विहिरीवरून पाणी आणावे, ताटे उचलावीत. आणि मुख्य म्हणजे पुढच्या सुट्टीत भाभींना मुलांसह अलीकडे बोलवावे. त्या दिवशी त्यांनी आधी जेवावे आणि चूल आपण सांभाळावी. फेरीबोट एकाच काठाची नसते. जी मैत्री फक्त एका बाजूने पाणी ओलांडते, तिला मैत्री म्हणायचे की सोय, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.