खेळावं, की बाहेर बसावं?

ज्याचा छळ होतो, त्याला आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. कुणी सांगतं, लक्ष देऊ नकोस, आपलं काम असं चोख कर की त्यांची तोंडं आपोआप बंद होतील. कुणी सांगतं, सोसू नकोस, जागच्या जागी सुनाव. शाळेच्या पटांगणात, वसतिगृहात, कचेरीत, रुग्णालयाच्या वॉर्डात हेच दोन सल्ले पिढ्यान्‌पिढ्या फिरत आले आहेत. ते एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण दोघांमागे एकच गृहीत आहे, की जे काही करायचं ते ज्याच्यावर अन्याय होतोय त्यानंच करायचं. मला हे गृहीतच चुकीचं वाटतं. दादागिरीला खरा अडसर बसतो तो ज्याला आत जागा मिळालेली आहे असा कुणी आपली जागा पणाला लावतो तेव्हा. मरीन लाइन्सला ओळीनं असलेल्या जिमखान्यांशी जोडलेल्या, शंभर वर्षांपूर्वीच्या एका प्रसंगाच्या आधारानं मी हे मांडतो. वाचकाच्या मनात ज्या शंका येतील त्या मी त्याच्याच तोंडून मांडेन आणि त्यांना उत्तर देण्याचा प्रयत्न करेन.

प्रसंग पालवणकर बंधूंचा. थोरले बाळू, मग शिवराम, विठ्ठल आणि गणपत. चर्मकार समाजातले हे चार भाऊ. बाळूंची सुरुवात पुण्यात झाली, क्रिकेट क्लबांत खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी लावायची आणि सरावाला गोलंदाजी टाकायची, अशा कामानं. त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवर ग्रेगसारखा नामांकित इंग्रज फलंदाज तासन्‌तास सराव करी. पुण्याच्या हिंदू संघानं त्यांना घेतलं, कारण त्यांच्याशिवाय साहेबांना हरवणं अवघड होतं. पण चहाच्या वेळी संघ मंडपात बसे आणि बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात येई. त्यांनी फेकलेल्या चेंडूला सगळ्यांचे हात लागत, त्यांच्या पेल्याला मात्र लागत नसत. पुढे ते मुंबईला आले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवलं, त्यात मोठा वाटा बाळूंच्या गोलंदाजीचा होता. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. तो संघ बहुतेक सामने हरला, पण एकट्या बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले. एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. दरवर्षी त्यांचं नाव निघे आणि दरवर्षी बाजूला पडे.

इथं वाचक मला पहिल्यांदा अडवेल. “याला दादागिरी कशी म्हणता? ती जातिव्यवस्था आहे. शाळेतल्या मुलांनी एखाद्याला कोपऱ्यात गाठणं वेगळं आणि समाजाची शतकांची रूढी वेगळी.” आकार वेगळा आहे, हे खरं. पण आतली रचना पाहा. एक गट आहे, त्या गटाला एका माणसाच्या कौशल्याची गरज आहे, आणि तरीही तो आपल्यापेक्षा खालचा आहे हे त्याला रोज, सर्वांसमोर, छोट्या छोट्या कृतींतून जाणवून दिलं जातं. त्यानं निघून जाऊ नये आणि मानही वर करू नये, अशी गटाची इच्छा असते. नवख्या निवासी डॉक्टरला रात्रभर राबवून सकाळी रुग्णांसमोर हिणवणारे वरिष्ठ याच इच्छेनं वागतात. रूढीनं बळ दिलं की दादागिरी करणाऱ्याला हात उगारावा लागत नाही, एवढाच फरक.

दुसरी शंका अधिक वजनदार आहे. “पण गुणांनी बदल झालाच की. पुण्यात मंडपाबाहेर चहा पिणारा माणूस दहाएक वर्षांत मुंबईच्या जिमखान्यात सहकाऱ्यांच्या पंक्तीला बसला. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’नं 1906 च्या विजयानंतर याचंच कौतुक केलं होतं. मग काम चोख करत राहा, हा सल्ला खोटा कसा?” हा पुरावा मला मान्य आहे आणि तो लहान नाही. ज्या काळात सावलीचा विटाळ होई, त्या काळात एका पंक्तीत बसणं ही क्रांतीच होती. पण गुणांनी काय मिळालं आणि काय मिळालं नाही, हे बारकाईनं पाहिलं पाहिजे. बाळू संघात असण्यानं संघ जिंकत होता. त्यांना सोबत ठेवण्यासाठी जेवढं सोडावं लागलं तेवढं संघानं सोडलं. आधी चेंडूचा विटाळ गेला, मग पेल्याचा, मग पंक्तीचा. कर्णधारपद मात्र वेगळ्या जातीचा प्रश्न होता. कर्णधार म्हणजे ज्याच्या सांगण्यावरून इतर दहा जण आपली जागा बदलतात, ज्याच्या मर्जीवर कुणी गोलंदाजी करायची हे ठरतं. बाळूंना जवळ घेणं संघाच्या फायद्याचं होतं. त्यांच्या आज्ञेत राहणं म्हणजे स्वतःचं वरचेपण सोडणं होतं. गुणांची शिडी नेमकी तिथं येऊन संपली. 114 बळींनीही ती पुढे सरकली नाही. आणखी 114 घेतले असते तरी ती सरकली असती, असं मानायला मला काही आधार दिसत नाही.

त्या संघात ज्यांना हे दिसत होतं असे लोक होते. 1913 साली एका सत्कारप्रसंगी कर्णधार एम. डी. पै यांनी जाहीरपणे म्हटलं, की हा मान खरं तर ज्येष्ठ आणि अनुभवी अशा बाळूंना मिळायला हवा होता. पै ब्राह्मण होते. त्या काळात असं उघड बोलायला मोठं मन लागतं, आणि पै यांच्याबद्दल मला आदरच वाटतो. पण त्या बोलण्यानं काही बदललं नाही. लोकांनी भाषण ऐकलं असेल, टाळ्याही दिल्या असतील, आणि निवड पुढच्या वर्षीही तशीच झाली. छळाच्या प्रत्येक कहाणीत असा एक सज्जन साक्षीदार असतो. त्याला अन्याय कळतो, तो बोलूनही दाखवतो, पण त्या अन्यायातून आपल्या वाट्याला आलेली जागा तो सोडत नाही. त्याची सहानुभूती खरी असते, म्हणूनच तिचं काय करायचं हा प्रश्न अवघड होतो.

मग 1920 साल आलं. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन संघांच्या चौरंगी सामन्यांत हिंदूंची गाठ मुसलमान संघाशी होती. पै आजारी होते. बाळूंना संघातूनच वगळलं गेलं आणि कर्णधारपद पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे गेलं. देवधर पुढे मोठे क्रिकेटपटू म्हणून गाजले, त्यांच्या खेळाबद्दल वाद नाही. पण वयानं आणि अनुभवानं वडील असलेले पालवणकर समोर असताना ही निवड जात पाहून झाली, असा विठ्ठल आणि शिवराम यांचा आक्षेप होता. दोघंही संघात निवडले गेले होते. दोघांनी जाहीर निषेध करून संघातून अंग काढून घेतलं. मला या घटनेतला सर्वांत महत्त्वाचा तपशील हाच वाटतो. ज्याला वगळलं त्याच्या हातात नाकारायला काहीच उरलं नव्हतं. संघाबाहेरचा माणूस संघ सोडू शकत नाही. नाकारण्याची ताकद फक्त ज्यांचं नाव यादीत होतं त्यांच्याकडे होती, आणि त्यांनी ती वापरली.

“म्हणजे ऐन सामन्याच्या तोंडावर त्यांनी स्वतःच्याच संघाला खाली पाहायला लावलं,” वाचक म्हणेल. “भावाचा मान मोठा की संघाचा?” हा प्रश्न फसवा आहे, कारण संघाचा मान कोणी मोडला हे त्यात आधीच ठरवून टाकलेलं असतं. संघ फोडल्याचा आरोप अन्यायाला नाव देणाऱ्यावर येतो, अन्याय करणाऱ्यावर येत नाही. शिवाय वस्तुस्थितीही पाहा. हे दोघे नसताना हिंदू संघ मुसलमान संघाविरुद्ध जिंकून पुढे गेला. म्हणजे त्यांच्या नकारानं संघ बुडाला नाही. यावरून कुणी उलट म्हणेल, की मग ते अपरिहार्य नव्हतेच, त्यांच्या नकारात जोर कसला? माझं उत्तर असं, की जोर अपरिहार्य असण्यात नव्हता. इतकी वर्षं जी गोष्ट ‘निवड समितीचा निर्णय’ या नावाखाली झाकली गेली होती, तिला आता उघड्यावर उत्तर द्यावं लागलं. पारशी संघाविरुद्धच्या पुढच्या सामन्यात विठ्ठल आणि शिवराम परतले, बाळूंना घेऊन त्यांना उपकर्णधार केलं गेलं, आणि पुन्हा कर्णधार म्हणून आलेले पै काही काळ मैदानाबाहेर गेले तेव्हा नेतृत्व बाळूंनी केलं.

“तीच तर तडजोड,” वाचक इथं हसेल. “काही वेळापुरतं नेतृत्व, तेही दुसऱ्यानं मैदान सोडल्यावर. याला विजय म्हणायचं?” नाही, तो विजय नव्हता. बाळूंवरचा अन्याय भरून निघाला नाही, तोपर्यंत त्यांची उमेदीची वर्षं सरली होती. पण 1913 चे पै आणि 1920 चे पै यांत काय फरक पडला, ते बघा. आधी ते फक्त बोलले होते, आता ते जागेवरून उठले. विठ्ठल आणि शिवराम यांच्या नकारानं आजूबाजूच्या सज्जन माणसालाही आपली जागा सोडायची वाट दाखवली. तीन वर्षांनी, 1923 साली, विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले, संघानं युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली, आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. विठ्ठल यांनी फक्त धावा काढल्या असत्या तर हे घडलं असतं का? बाळूंच्या आयुष्याकडे पाहिल्यावर मला तसं वाटत नाही.

आणखी एक आक्षेप आहे, आणि तो प्रामाणिक आहे. “भावासाठी भाऊ उभा राहिला, त्यात नवल काय? शिवाय पै नसताना विठ्ठल यांचाच हक्क होता असं म्हणणारे होते. त्यांचा स्वार्थही त्यात होता.” असेल. हेतू शुद्ध असल्याशिवाय विरोध खरा नाही, अशी अट आपण घातली तर जगात कुणालाच विरोध करता येणार नाही. शिवाय ही अट छळणाऱ्याला कधीच घातली जात नाही, फक्त विरोध करणाऱ्यालाच घातली जाते. मला एवढंच पाहायचं आहे, की त्यानं काही गमावण्याची तयारी दाखवली का. नात्यानं धैर्य आलं असेल तर त्यात वाईट काय? वाईट हे, की नात्याबाहेर ते इतकं क्वचित दिसतं.

इथं मला बाळूंबद्दलही न्यायानं बोललं पाहिजे. ते कडू झाले नाहीत. 1937 साली भायखळा-परळच्या मतदारसंघात काँग्रेसतर्फे ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. त्यांनी निवडलेला मार्ग आंबेडकरांच्या मार्गाहून वेगळा होता. ज्यांनी मंडपाबाहेर चहा दिला त्यांच्यातच राहून बदल घडेल, हा त्यांचा विश्वास असावा. मी त्याच्याशी सहमत नाही. पण आयुष्यभर सोसणाऱ्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार, ज्यानं कधी मातीच्या भांड्यात चहा प्यायला नाही, त्याला नाही.

आणि सर्वांत कठीण शंका. “ज्याला ना विठ्ठलसारखा भाऊ आहे, ना नाव, तो काय करील?” मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात मे 2019 मध्ये पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका आदिवासी तरुण महिला डॉक्टरनं जीवन संपवलं. वरिष्ठांनी जातीवरून छळ केला असा कुटुंबाचा आरोप आहे आणि प्रकरण न्यायालयात गेलं. अशा जागी कामाची वाटणी, शिकण्याची संधी, शेवटी पदवीही, सगळं वरच्यांच्या हातात असतं. तिथल्या एकट्या मुलीला ‘उभी राहा’ असं सांगणं क्रूर आहे. महाराष्ट्राच्या 1999 च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. पण त्यातली मला मोलाची वाटणारी तरतूद वेगळी आहे. लेखी तक्रार कोणताही विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक करू शकतो. संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची असते, आणि त्यानं दुर्लक्ष केलं तर तो छळाला साथ देणारा ठरतो. म्हणजे शेजारच्या खाटेवरचा सहकारी, वर्गातला पहिला आलेला मुलगा, पाहून न पाहिल्यासारखं करणारा अध्यापक, या सगळ्यांच्या हातात अर्ज आहे. तुमचं नाव यादीत असेल आणि दुसऱ्याचं तिथून खोडलं जाताना दिसत असेल, तर त्यानं तक्रार करण्याची वाट पाहू नका. तो अर्ज तुम्ही लिहा, आणि खाली स्वतःची सही करा.