ओळखीच्या चेहऱ्याचं तिकीट

आमच्या दहिसरच्या सोसायटीत गणपतीच्या वर्गणीतून थोडे पैसे उरले. त्यातून सुट्टीत मुलांची एक दिवसाची सहल काढावी, असं कमिटीने ठरवलं. बस एकच, चाळीस मुलं. जागा सुचवण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेत विज्ञान शिकवत असे आणि अशा माणसाला मुलांच्या हिताचं कळतं, असा एक समज आहे. मी कागदावर वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र लिहिलं. माझा भाचा मॉलमधल्या मुलांच्या खेळांचे आराखडे करतो. त्याने तो कागद वाचला. पुढचं बोलणं साधारण असं झालं.

भाचा: मावशी, मुलांना विचारलंस?

मी: विचारलं. मुलं म्हणाली, इमॅजिका पार्क. ते नसेल तर मॉल.

भाचा: मग हा कागद कुणाच्या वतीने लिहिलास?

मी: त्यांच्याच. अजून वीस वर्षांनी ती जशी असतील, त्यांच्या वतीने.

भाचा: म्हणजे आत्ता खाली क्रिकेट खेळताहेत ती नव्हेत.

मी: जगात काय चाललंय ते बघ. फ्लोरिडातलं एपकॉट हे करमणुकीचं उद्यान १९८२ मध्ये उघडलं, तेव्हा तिथे ऊर्जा, शेती, दळणवळण समजावून सांगणारी दालनं होती. ऊर्जेचं दालन २०१७ मध्ये बंद झालं आणि तिथे आता 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'चा रोलर कोस्टर धावतो. नॉर्वेच्या दालनात नावेत बसवून नॉर्वे दाखवत. ती फेरी २०१४ मध्ये थांबली, २०१६ पासून तिथे 'फ्रोझन' आहे. नॉर्वेच्या दालनात आता नकाशावर नसलेला देश दाखवतात!

भाचा: वाक्य झकास आहे. पण त्या ऊर्जेच्या दालनाचा प्रायोजक कोण होता, माहीत आहे? एक्सॉन. तेलकंपनी मुलांना ऊर्जेचा धडा देत होती. दळणवळणाच्या दालनाला जनरल मोटर्स. तू ज्याला शिक्षण म्हणून हळहळतेस, ती एका कंपनीची जाहिरात होती. ती गेली, दुसऱ्या कंपनीची आली. निदान नव्या रोलर कोस्टरवर कुणी पेट्रोलची महती सांगत नाही.

मी: आपल्याकडे तसं नव्हतं. वरळीत १९७९ मध्ये विज्ञान उद्यान झालं, १९८५ मध्ये केंद्राची मोठी इमारत. सगळं सरकारी पैशावर. इमॅजिकाच्या एका तिकिटात तिथे दहा मुलं आत जातील.

भाचा: पैशांबद्दल माझी तक्रारच नाही. माझं म्हणणं एवढंच, की तिथे मुलं येत नाहीत, आणली जातात. शाळांच्या बस बंद झाल्या तर उद्या तिथे किती मुलं दिसतील?

मी: पाढेही कुणी आपणहून निवडत नाही.

भाचा: म्हणूनच पाढ्यांना कुणी सहल म्हणत नाही.

मी: आणि मुलांची निवड तरी त्यांची कुठे असते? रोज मोबाइलवर तोच चेहरा दाखवायचा आणि मग विचारायचं, बाळा, कुठे जायचं? ते बाळ तोच चेहरा सांगणार.

भाचा: तुझी आवड कुठून आली? आजोबांनी पुस्तकं आणली, शाळेतल्या बाईंनी हातात भिंग दिलं. तुलाही कुणीतरी घडवलंच. घडवणारा आपल्याला पटला की ते संस्कार, नाही पटला की ती जाहिरात.

मी: जाहिरातवाल्याला माझ्याकडून काहीतरी हवं असतं.

भाचा: बाईंना काही नको होतं? शाळेचा निकाल, बोर्डातला नंबर?

मी: बरं, वेगळ्या बाजूने सांगते. जे कधी पाहिलंच नाही, ते मूल मागणार कसं? झुलत्या लंबकातून वाळू सांडली की खाली नक्षी उमटते, हे ज्याला ठाऊकच नाही, ते पोर 'मला ती बघायची' असा हट्ट धरणार नाही. हट्ट ओळखीच्या गोष्टीचाच असतो. सगळं हट्टावर सोडलं तर शेवटी ओळखीचंच तेवढं उरणार. अनोळखी गोष्टीसाठी कुणीतरी मोठ्याने शब्द टाकावा लागतो. मी तो टाकतेय.

भाचा: हे पटलं. पण हे तुझ्याच कागदावर उलटतं. पाचवीतल्या मुलाला तिथे काय दिसतं? आरसे, भिंगं, कप्पी, चुंबक. पुस्तकातलेच धडे. त्याच्या दृष्टीने यापेक्षा ओळखीचं दुसरं काय असणार? सुट्टीच्या दिवशी बसमधून दीड तास गेलं आणि तिथे पुन्हा शाळाच भेटली.

मी: पुस्तकात कप्पीचं चित्र असतं. तिथे दोरी ओढता येते.

भाचा: किती वेळ? मागे रांग, पुढे शिक्षक. ओढली, झालं, चला. तू अशा सहली नेल्या आहेस. दोरी ओढून मग प्रश्न विचारणारी मुलं किती असायची?

मी: एखादं.

भाचा: आणि बाकीची?

मी: डबा कधी खायचा ते विचारायची.

भाचा: मग?

मी: त्या एखाद्यासाठीच हा खटाटोप असतो.

भाचा: म्हणजे एकाच्या कुतूहलासाठी एकोणचाळीस जणांची सुट्टी तू परस्पर खर्च करणार.

मी: तो एक कोण, हे आधी कळत नाही. म्हणून चाळिसांना न्यावं लागतं.

भाचा: लॉटरीवालाही हेच सांगतो.

यावर मी थोडा वेळ गप्प बसले. शिक्षकाजवळ या प्रश्नाला उत्तर असतं, पण ते शिक्षकांनाच पटतं. म्हणून मी मोर्चा त्याच्या धंद्याकडे वळवला.

मी: तुमचं तरी टिकतं का? आपलं गोराईचं एस्सेल वर्ल्ड घे. १९८९ चं. लाँचने खाडी ओलांडून जायचो. तिथे शिकवण्याचा आव नव्हता, निव्वळ मजा. करोनाच्या काळात पाळणे थांबले ते थांबलेच. शेजारचं वॉटर किंगडम तेवढं राहिलं. लोकांना मजाच हवी असते तर एस्सेल वर्ल्ड का गेलं?

भाचा: जागा, खर्च, करोना, कारणं बरीच असतील. पण आमच्या कामात एक गोष्ट रोज दिसते. नुसता पाळणा आता विकला जात नाही. त्याला आधीच गाजलेला चेहरा लागतो.

मी: म्हणजे मजेने शिक्षणाला हरवलेलं नाही. मजाही हरलीच. जिंकलं ते फक्त आधीच गाजलेलं.

भाचा: असेल. पण गाजलेल्या चेहऱ्याआडून काही शिकवता आलं तर तुझी हरकत काय? इमॅजिकात राजासॉरसच्या नावाची नावेची सफर आहे. राजासॉरस हा आपल्या नर्मदेच्या खोऱ्यातला डायनोसॉर. गुजरातेत त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये त्याचं नामकरण झालं. महाराष्ट्रातल्या किती मुलांना हे नाव शाळेत कळलं? आणि किती मुलांना त्या नावेत बसून?

मी: नाव कळलं. नर्मदा कळली?

भाचा: नावावरून नर्मदेपर्यंत जायचं काम शाळेचं. आम्ही दार उघडून दिलं.

मी: तुमच्या दारातून बाहेर पडलं की समोर खेळण्यांचं दुकान असतं.

भाचा: आणि कीर्तनकाराच्या आरतीचं ताट? मावशी, आपल्याकडे हे शेकडो वर्षं चाललंय. लोक आख्यान ऐकायला यायचे, सगळ्यांना पाठ असलेलं. ध्रुव, प्रल्हाद, हरिश्चंद्र. ओळखीचे चेहरेच ते. त्यांच्या जोरावर बुवा निरूपण ऐकवायचे. गाजलेल्या पात्राआडून शिक्षण! तुझ्या आजोळी तर सप्ताह व्हायचे. तिथे कुणी म्हणालं का, की प्रल्हाद नको, अनोळखी कुणीतरी आणा?

मी: बुवांच्या कीर्तनात निरूपण आधी असायचं. पूर्वरंगात तत्त्व, उत्तररंगात गोष्ट.

भाचा: हा क्रमाचा मुद्दा झाला. त्याने माझं म्हणणं खोटं ठरत नाही.

मी: मग हे घे. प्रल्हाद कुणाच्या मालकीचा? कुणाच्याच नाही. कुठल्याही गावातला कुठलाही बुवा त्याची गोष्ट हवी तशी सांगू शकत होता. हिरण्यकशिपूची बाजू मांडायची असेल तर मांडा. गावच्या सावकारावर टोला हाणायचा असेल तर हाणा. महाभारतातला भीम तुझा, माझा, लोकनाट्यवाल्याचा. छोटा भीम एका कंपनीचा. त्याला ढोलकपूरमधून उचलून आपल्या दहिसर नदीवर आणायचं असेल तर आधी परवानगी, मग पैसे. मुलांनी त्याच्यावर प्रेम करायचं, पण त्याच्याशी हवं ते खेळायचं नाही.

भाचा: घरात खेळतातच की. कुणी थांबवलंय?

मी: घरात. चार लोकांपुढे तिकीट लावून सांगायची वेळ आली, की वकिलाची नोटीस.

भाचा: हं. म्हणजे तुझं भांडण करमणुकीशी नाहीच, मालकीशी आहे. मग विज्ञान केंद्राचा हट्ट कशाला? मालक नसलेलं, पुस्तकात नसलेलं, अनोळखी असं काहीतरी हवंय ना तुला? ते पायी जाण्याइतकं जवळ आहे. मंडपेश्वर. शंकराचं लेणं, आत नाचणारा शिव. पोर्तुगीजांनी त्याचं चर्च केलं, एका शिल्पावर क्रूस कोरला. वर मठाचे अवशेष. एकाच खडकावर दोन धर्म, आणि सांगणारा हवी ती बाजू मांडू शकतो. तिकीट नाही. दुपारी नदीवर. तुळशी तलावाकडून निघते, राष्ट्रीय उद्यानातून येते, आपल्या पुलाखाली पोहोचेपर्यंत तिचा नाला होतो. पाणी नक्की कुठे बिघडतं, ते मुलांनी काठाने चालत शोधायचं. याहून मोठा प्रयोग वरळीत आहे?

मी: नाही.

भाचा: मग लिही कागदावर.

मी: पालक पाठवणार नाहीत.

भाचा: का?

मी: मंडपेश्वर रिक्षातून येता-जाता दिसतं म्हणतील. नदी म्हटलं की नाक दाबतील. सहल म्हणजे बस, टोपी, तिकीट, फोटो. फुकटच्या जागेत पोरगं काही शिकेल यावर त्यांचा विश्वास नाही. विज्ञान केंद्र म्हटलं की लगेच सही करतील. त्यांच्या शाळेने त्यांनाही तिथेच नेलं होतं.

भाचा: म्हणजे मुलांना ओळखीचा चेहरा लागतो, तसा पालकांनाही लागतो. मग तुझं विज्ञान केंद्र ही पालकांची फ्रँचाइझी झाली.

मी: त्या लंबकाचा मालक नाही. तो मी आमच्या गच्चीवर टांगला तर मला कुणी नोटीस पाठवणार नाही. तुझ्या रोलर कोस्टरबद्दल असं म्हणता येईल?

भाचा: नाही. पण मालक नाही म्हणून लंबकापुढे उभ्या पोराला कंटाळा कमी येत नाही.

कमिटीकडे शेवटी वरळीचाच कागद गेला. मंडपेश्वर आणि नदी मी दुसऱ्या एका रविवारसाठी, बसशिवाय, वेगळ्या अर्जात लिहिलं. सेक्रेटरींनी तो बाजूला ठेवला आहे. वरळीच्या कागदाखाली मी एक अट घातली: कुणालाही रांगेने फिरवायचं नाही. मुलाला जी वस्तू आवडेल तिच्यापाशी त्याने हवा तितका वेळ थांबावं, बाकीचं केंद्र पाहायचं राहिलं तरी चालेल. भाच्याला ती अट आवडली. त्याने फक्त एवढंच विचारलं, की ज्या मुलाला कुठेच थांबावंसं वाटणार नाही, त्याला त्या दिवशी घरी राहायची मुभा आहे का? अटीत तसं लिहिलेलं नाही, आणि लिहावं की नाही हे माझं अजून ठरलेलं नाही.