पाळलेली पाल आणि अहिंसेचे व्रत

उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला उणेपणा आणणारे दोष, सांगते. बंध (बांधून किंवा कोंडून ठेवणे), वध (मारहाण), छेद (अवयव तोडणे), अतिभारारोपण (अति ओझे लादणे) आणि अन्नपाननिरोध (अन्नपाणी रोखणे) हे ते पाच. नागपुरात काचेच्या पेटीत क्रेस्टेड गेको ही परदेशी पाल पाळायची झाल्यास यांतील पहिला दोष उघडच घडतो, परंतु इतरही तितकेच जवळ असतात.

पालीच्या बोटांखाली अतिसूक्ष्म केसांच्या पट्ट्या असतात आणि रेणूंमधील क्षीण आकर्षणामुळे, ज्याला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात, ती गुळगुळीत काचेवरही चढते. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या उन्हाळ्यात पेटीतील ओलावा राखला नाही तर कात नीट सुटत नाही, बोटांवर अडकलेली कात पकड नाहीशी करते आणि आवळत जाऊन रक्तप्रवाहही थांबवते, त्यामुळे बोट गळून पडू शकते. हात न लावता घडलेला हा छेदच होय. कॅल्शियमअभावी हाडे मऊ पडणे हा अन्नपाननिरोधाचाच प्रकार मानावा लागेल, कारण पोट भरूनही पोषण नाकारलेले असते.

कठीण प्रश्न आहाराचा आहे. बहुतेक पालींना जिवंत कीटक लागतात, म्हणजे एका जिवाच्या पोषणासाठी दुसऱ्याची हत्या पाळणाऱ्याच्या हातून होते. भिंतीवरची पाल शिकार करते तेव्हा हे कर्तृत्व घरधन्याकडे येत नाही. क्रेस्टेड गेको फळांच्या तयार भुकटीवर जगू शकते, म्हणून हत्येचा दोष बराच टळतो, बंधाचा मात्र उरतोच.