न दिसण्याचा हक्क

जयपूरच्या तिलक नगरात पाहुणे आले की दुसऱ्या दिवसाचा बेत बहुधा ठरलेलाच असतो. सकाळी मोती डुंगरीचा गणपती, त्याच्या शेजारचं संगमरवरी बिर्ला मंदिर आणि मग रिक्षा करून रामनिवास बाग. बागेत अल्बर्ट हॉल, आणि जवळच 1877 सालचं प्राणिसंग्रहालय. घरातल्या मोठ्यांच्या आठवणीत तिथे वाघाची डरकाळी आहे. नातवंडांना मात्र आता घडियाल, मगरी आणि पक्षी यांच्यावर समाधान मानावं लागतं. 2016 मध्ये दिल्ली रस्त्यावर आमेरच्या बाजूला नाहरगड जैविक उद्यान सुरू झालं आणि वाघ, सिंह, बिबटे तिकडे हलले.

त्यानंतर नव्याची रांगच लागली. 2018 मध्ये नाहरगडला सिंह सफारी आली, ऑक्टोबर 2024 मध्ये व्याघ्र सफारी. तिलक नगरच्या दक्षिणेला, शहराला अगदी खेटून असलेल्या झालाना डुंगरीच्या जंगलात त्याआधीच उघड्या जिप्सीतून बिबट्या पाहायची सोय झाली होती. पूर्वी हे राजघराण्याचं शिकारीचं रान. आज सुमारे वीस चौरस किलोमीटरच्या या तुकड्यात तीस-चाळीस बिबटे राहतात, आणि पलीकडे गृहनिर्माण सोसायट्यांचे दिवे लागलेले दिसतात. पण यातली सर्वांत नवी गोष्ट कुठल्याही माहितीफलकावर लिहिलेली नसते. पैसे मोजून, पहाटे उठून, धूळ खाऊन माणूस परत येतो, आणि कोणी विचारलं ‘साइटिंग झाली का?’ तर उत्तर येतं, ‘नाही’. पिंजऱ्यापुढे असं कधी होत नसे. जनावराला आत राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं आणि प्रेक्षकाला रित्या डोळ्यांनी परतण्याची भीती नव्हती.

हा फरक नुसता सोयी-गैरसोयीचा नाही. दुसऱ्या जिवाकडे पाहण्याने त्याचं काही हिरावलं जातं का, हा जुना धार्मिक प्रश्न त्यात दडलेला आहे.

तो जयपुरात उभा राहावा यात एक गंमत आहे. या शहराइतका पाहण्याचा विचार फार थोड्या शहरांनी केला असेल. 1799 मध्ये सवाई प्रतापसिंहाने हवामहल बांधला तो राजस्त्रियांना रस्ता दिसावा आणि रस्त्याला त्या दिसू नयेत म्हणून. पुढे 1876 मध्ये इंग्लंडचा युवराज येणार म्हणून सवाई रामसिंह दुसरा याने शहराला गुलाबी रंग दिला. अल्बर्ट हॉलची पायाभरणी त्याच भेटीतली. वर्षभरात प्राणिसंग्रहालयही झालं. हा रामसिंह स्वतः हौशी आणि चांगला छायाचित्रकार होता. ज्यांना बाहेरच्या कोणी पाहायचं नाही अशा जनान्यातल्या स्त्रियांचीही छायाचित्रं त्याने काढली. जाळीच्या आतला डोळा आणि जाळीच्या आतलं जनावर, दोन्ही एकाच राजवंशाच्या शहरात. हवामहलातली बाई मात्र मोकळी होती असं कोणी समजू नये. न दिसणं म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. पण तिला दिसण्या-न दिसण्याची जी आब त्या भिंतीने दिली, तेवढीही पिंजऱ्यातल्या वाघिणीला मिळाली नाही.

देवाच्या बाबतीत याच शहराने किती बारकाईने विचार केला आहे ते पाहायचं तर जुन्या राजवाड्याच्या आवारातल्या गोविंददेवजींच्या मंदिरात जावं. मंगला, धूप, शृंगार, राजभोग, ग्वाल, संध्या आणि शयन अशा दिवसाला सात झाँकी. प्रत्येक झाँकीची वेळ ठरलेली. वेळ सरली की पडदा पडतो आणि शेकडो माणसं तो पुन्हा उघडेपर्यंत ताटकळत उभी राहतात. कोणी तक्रार करत नाही. देव जेवतो, देव झोपतो, त्या वेळी त्याच्याकडे टक लावून पाहायचं नसतं हे लहान पोरालाही कळतं.

मराठी वाचकाला यासाठी जयपूर गाठायचीही गरज नाही. पंढरपुरात आषाढी-कार्तिकीला विठ्ठलाचा पलंग काढतात. त्या दिवसांत देवाला नीज नाही. पाठीशी लोड देतात आणि विठोबा अहोरात्र भाविकांपुढे उभा राहतो. यात्रा ओसरली की प्रक्षाळपूजा होते. देवाला न्हाऊ घालतात, रात्री काढा देतात, पलंग पुन्हा मांडतात. का? तर लाखो लोकांना दर्शन देऊन देव शिणलेला असतो. वारकऱ्याला यात भोळेपणा वाटत नाही आणि वाटूही नये. कारण या विधीत एक कडक नैतिक जाणीव आहे. पाहणाऱ्याला आनंद होतो तेव्हा पाहिला जाणारा दमतो, आणि त्या दमण्याचं देणं पाहणाऱ्यांनीच फेडायचं असतं. जगाच्या तत्त्वज्ञानात प्रेक्षकाच्या जबाबदारीविषयी याहून नेमकं काही लिहिलं गेलं असेल तर ते फार थोडं. काढ्याच्या वाटीत ते सगळं मावलेलं आहे.

दगडी मूर्तीला शीण येतो असं मानणारी माणसं रक्तामांसाच्या जनावराच्या शिणाकडे मात्र सहज पाठ फिरवतात. रविवारच्या गर्दीत पिंजऱ्यावर खडे मारणारा, शिट्टी वाजवून बिबट्याला ‘उठवणारा’ माणूस सकाळी देवळात रांगेत उभा राहून आलेला असू शकतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पुढे प्राणिसंग्रहालयांचं स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं, तेव्हा प्राण्यांना चिडवणं, इजा करणं, खाऊ घालणं यांवर बंदीचं कलम लिहावं लागलं. कलम लिहावं लागलं यातच सगळं आलं.

देव भावनेचा भुकेला आणि वाघ मांसाचा, तेव्हा दोघांना एका मापाने कशाला मोजायचं, असं कोणी म्हणेल. वाघाला कोण बघतंय याचं काय? पण शास्त्राची साक्ष वारकऱ्याच्या बाजूने आहे. बर्न, बाझल आणि झ्युरिकची प्राणिसंग्रहालयं सांभाळलेला स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर गेल्या शतकाच्या मध्यावर सांगत होता की माणूस ठरावीक अंतराच्या आत आला की जनावराला दूर सरायचं असतं, आणि सरायला जागाच नसेल तर ते आतून पोखरलं जातं. 2003 मध्ये ऑक्सफर्डच्या रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या दोघींनी ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिलं की निसर्गात दूरदूर भटकणारे मांसाहारी प्राणीच कैदेत जास्त येरझारा घालतात आणि त्यांचीच पिल्लं जास्त दगावतात. पिंजऱ्यात एकाच रेषेवर फिरणारा वाघ पाहून ‘कसा रुबाबात चालतोय’ म्हणणारा प्रेक्षक खरं तर आजारपण पाहत असतो.

मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींच्या खटल्यात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा दाखला दिला. शर्यतींचा निकाल नंतर कायदे बदलून फिरला, 2023 मध्ये घटनापीठाने ते बदल मान्यही केले, पण ती पाच स्वातंत्र्यं विचारात रुजली. त्यातलं एक म्हणजे आपल्या स्वभावाप्रमाणे वागण्याचं. आता बिबट्याचा स्वभाव तो कोणता? लपणं. बिबट्याची सारी हयात न दिसण्यात जाते. म्हणजे त्याला सतत दिसायला लावणं हे त्याच्या बिबटेपणावरच अतिक्रमण आहे. घडियालाचं तसं नाही, तो तासन्तास उन्हात पसरून लोकांना दिसत राहतो आणि त्याचं काही बिघडत नसावं. सगळ्या जनावरांना एकच नियम लावणं हाही आळसच.

जयपूर हे जैनांचं मोठं शहर, त्यामुळे अहिंसेची बाजू इथे ऐकावीच लागते. तिलक नगरला लागून असलेल्या बापू नगरात पंडित टोडरमल यांचं स्मारक आहे. अठराव्या शतकातला हा जयपूरचा विद्वान राजाज्ञेने हत्तीच्या पायी दिला गेला असं परंपरा सांगते. आणि असंही सांगते की हत्ती पाऊल टाकायला कचरला, तेव्हा टोडरमलांनीच त्याला समजावलं. कथा खरी-खोटी कशीही असो, तिने दोष कोणावर टाकला आहे ते पाहण्यासारखं आहे. मारणारा हत्ती निर्दोष, त्याला हत्यार करणारा माणूस दोषी.

जैन परंपरेने पिंजऱ्याविषयी बोलायलाही कमी केलं नाही. 1583 मध्ये हीरविजयसूरी अकबराला भेटले तेव्हा त्यांच्या मागण्यांत कोंडलेले पक्षी सोडून देण्याची मागणी होती, आणि बादशहाने ती मानली. ज्याच्या पदरी शिकारीचे शेकडो चित्ते होते त्याच्यापुढे हे बोलायला छाती लागते. पण अहिंसेचीही एक अडचण आहे. दिल्लीच्या लाल मंदिरातल्या, 1929 मध्ये सुरू झालेल्या पक्ष्यांच्या धर्मार्थ रुग्णालयात शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेतात. घारी-ससाण्यांवर उपचार होतात, पण त्यांना तिथे मुक्काम नाही. करुणेला मांसाहारी रुग्ण जरा जड जातो. प्राणिसंग्रहालयातल्या वाघाला वाचवायचं तर रोज दुसरं जनावर कापावं लागतं, आणि हा हिशेब कोणत्याही धर्माच्या वहीत नीट जुळत नाही.

जुळवायचा तर सर्वज्ञ चक्रधरस्वामींकडे जावं. लीळाचरित्रातली सशाची लीळा महाराष्ट्राला ठाऊक आहे. शिकाऱ्यांनी कुत्री मागे सोडलेला ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली दडला. पारधी आले, ससा मागू लागले. स्वामींनी शरण आलेल्याला देता येत नाही म्हणून सांगितलं, त्यांना हिंसेविषयी समजावलं आणि वळवलं. कथा इथे संपली असती तरी चाललं असतं. पण तिचा खरा कणा पुढे आहे. पारधी गेल्यावर स्वामींनी मांडी उचलली आणि सशाला जाऊ दिलं. आसरा दिला म्हणून ससा आपला झाला नाही. तो मठात पाळला नाही, भक्तांना दाखवला नाही. आजचं प्रत्येक प्राणिसंग्रहालय स्वतःला आश्रयस्थान म्हणवतं. जखमी, अनाथ, सर्कशीतून सुटलेल्या जनावरांची केंद्रं चालवतं, आणि ते काम मोलाचं आहे. प्रश्न मांडी उचलण्याचा आहे. पिंजऱ्यात जन्मलेला वाघ जंगलात सोडला तर शिकारीअभावी तो मरेल किंवा गावात शिरेल. मांडी उचलणं शक्य नसेल तर निदान त्याला आडोसा देता येईल.

नाहरगडमध्ये तो आडोसा मिळतो, पण त्यालाच स्वातंत्र्य समजणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. सफारीचं रान कुंपणातलं आहे, मांस वेळेवर येतं. 2019 मध्ये तिथे कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांपासून पसरणाऱ्या रोगाने एकामागून एक वाघ-सिंह गेले. त्याच्या आदल्याच वर्षी गीरमध्ये मोकळ्या सिंहांवरही त्याच विषाणूचा घाला पडला होता. तेव्हा मोठी जागा म्हणजे सुखरूप जागा, असा सरळ हिशेब नाही.

शिवाय या नव्या व्यवस्थेची एक किंमत माणसांनी मोजली आहे, आणि ती सगळ्यांनी सारखी मोजलेली नाही. रामगंज बाजारातल्या कारागिराचं पोर पूर्वी चालत जाऊन थोडक्या पैशांत वाघ पाहून येई. आता शहराबाहेर जायचं, प्रवेशाचे पैसे, सफारीचे वेगळे पैसे, आणि दिसेलच याची खात्री नाही. झालानाची जिप्सी तर त्याच्या आवाक्याबाहेर. जनावराच्या अब्रूची बूज राखताना गरिबाच्या कुतूहलावर गदा आली, हा आक्षेप खरा आहे आणि त्याला पुरतं उत्तर नाही. बसने शाळांच्या सहली काढल्या तर अर्धं उत्तर मिळेल. त्यासाठी पुन्हा पिंजरे आणा, असं मात्र त्यातून निघत नाही.

डिसेंबर 2019 मध्ये पाहुणचार उलटा झाला. तिलक नगर-लाल कोठीच्या वस्तीत बिबट्याच येऊन शिरला. शेवटी वन खात्याने त्याला भूल देऊन पकडलं. अशा वेळी आपल्याकडे जे होतं ते कोणत्याही शहरात सारखंच होतं. गच्च्या भरतात, मोबाइल वर होतात, आरडाओरडा वाढतो आणि बिचकलेलं जनावर आणखी बिथरतं. नाशिककरांनी आणि जुन्नरकरांनी हा तमाशा पुष्कळदा पाहिला आहे. वन कर्मचाऱ्यांची निम्मी शक्ती बिबट्यापेक्षा बघ्यांना आवरण्यात जाते. गर्दीतला प्रत्येक जण शपथेवर सांगेल की आपण काहीच केलं नाही, फक्त पाहिलं.

महाराष्ट्रातही नव्याचं वारं हेच आहे. पुण्याच्या पेशवे उद्यानातली जनावरं 1999 च्या सुमारास कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेली आणि जाळीच्या जागी खंदक आले. मुंबईत राणीच्या बागेने, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाने, 2016 मध्ये दक्षिण कोरियातून हम्बोल्ट पेंग्विन आणले, 2017 पासून लोकांसाठी दालन उघडलं आणि गर्दीचे उच्चांक झाले. 15 ऑगस्ट 2018 ला तिथे जन्मलेलं पहिलं पिल्लू आठवडाभरात गेलं. आज वाघापुढेही काच आहे. काच गजांहून सुंदर दिसते, छायाचित्रही चांगलं येतं. पण काचेला पडदा नसतो. गजांपुढे उभा राहणारा निदान आपण कैद पाहतोय हे जाणत होता, काचेपुढच्याला तसं वाटण्याचं कारणच उरत नाही.

पडद्याची सोय कायद्यात थोडीशी आहे. प्राणिसंग्रहालयांच्या मान्यतेच्या केंद्रीय नियमांनुसार आठवड्यातून एक दिवस ती प्रेक्षकांना बंद ठेवावी लागतात. राणीची बाग बुधवारी बंद असते, कात्रजही बुधवारीच. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर महापालिकेच्या ठरावाप्रमाणे राणीची बाग उघडी राहते आणि गुरुवारी बंद होते, म्हणजे विसावा एक दिवस पुढे जातो, पण बुडत नाही. त्या दिवशी तिकीटखिडकीपाशी हिरमुसलेली चार-दोन कुटुंबं उभी असतात आणि पहारेकरी त्यांना उद्या यायला सांगतो.