चिकटावं, पण किती?

दिवाळीचा आकाशकंदील घरी करायचा ठरला, की कामट्या, दोरा आणि पतंगी कागद यांवर घरात चटकन एकमत होतं. घर फुटतं ते 'चिकटवायचं कशानं?' या प्रश्नावर. आजी म्हणते, खळ. नातू म्हणतो, फेविकॉल. शेजारचे काका कुणीही विचारलेलं नसताना म्हणतात, सेलोटेप!

वरवर पाहता हा बाटलीचा प्रश्न आहे. खरं म्हणजे तो नीतिशास्त्राचा आहे.

खळीचं बघा. मैदा पाण्यात कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं आणि गुठळी होऊ द्यायची नाही. बुकबाइंडर तीत चिमूटभर मोरचूद टाकतो, म्हणजे कसर दूर राहते. एवढं करून ही बया ओल लागली की सोडून देते! फेविकॉलचं तसं नाही. १९५९ साली तो बाजारात आला आणि सुतारांचा सरसाशी असलेला पिढीजात संसार मोडला. लाकडाला तो ठीकच. पण पतंगी कागदाला सढळ हातानं लावला तर कागद सुरकुततो आणि एकदा वाळला की माघार नाही. सेलोटेप तर त्याहून लबाड. काही वर्षांनी पट्टी आपण होऊन गळून पडते, पिवळा डाग मात्र मागे ठेवते. संबंध संपला, तक्रार शिल्लक!

म्हणजे सर्वांत पक्कं ते सर्वांत चांगलं, असंच ना? जुन्या पोथ्या दुरुस्त करणारे जाणकार नेमकं उलटं सांगतात. ते आजही पिष्ठाची खळच वापरतात. त्यांचा नियम असा, की जोड कागदापेक्षा दुबळा हवा. ओढाताण झाली तर जोड सुटावा, पान फाटू नये. आणि पुढे कुणाला दुरुस्ती करावीशी वाटली, तर थोड्या ओलाव्यानं ते काम व्हावं.

१९६८ साली अमेरिकेत थ्री-एम कंपनीच्या स्पेन्सर सिल्व्हर नावाच्या शास्त्रज्ञाला असाच एक अर्धवट चिकटणारा गोंद सापडला. याचं करायचं काय, हे बरीच वर्षं कुणाला कळेना. पुढे त्यांच्याच कंपनीतल्या आर्ट फ्रायना भजनाच्या पुस्तकातून खुणेचे कपटे गळतात याचा वैताग आला, तेव्हा त्या गोंदाचं नशीब उघडलं. १९८० साली 'पोस्ट-इट' म्हणून तो अमेरिकाभर विकला जाऊ लागला. कशाचीही सालपटं न काढता सुटणं, हाच त्याचा गुण!

तुम्ही म्हणाल, मग सगळंच सैल चिकटवायचं का? छे! पोस्ट-इटवर बांधलेला कंदील पहिल्याच वाऱ्याला शेजारच्या गच्चीत जाईल. धरायचं तेव्हा घट्टच धरावं. पण मुलगी नोकरीसाठी परगावी निघाली, की आईच्या मायेची परीक्षा होते. 'माझं कसं होणार गं?' म्हणणारी माया फेविकॉलची. लेकीचा एक पापुद्रा तिथंच राहतो. 'पोचलीस की फोन कर हो' म्हणून आत वळून डोळे पुसणारी माया खळीची. तिथं ओलावा असतोच. म्हणून तर काही न फाटता सुटता येतं.

खुर्चीला चिकटणारी मंडळी कोणता पदार्थ वापरतात, याचा मात्र शोध लागलेला नाही. ती उठतात तेव्हा खुर्चीचं रेक्झिनही बरोबर येतं.