सक्तीचे ऋण

शिक्षणाचा दर्जा आधी की शिक्षणावरील खर्च आधी, हा वाद आपल्याकडे नवा नाही आणि तो मिटलेलाही नाही. सरकारी शाळांचा विषय निघाला की दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात. एक म्हणतो, आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? चार इयत्तांना दोन शिक्षक असताना गुणवत्तेच्या गोष्टी कसल्या करता? दुसरा म्हणतो, वर्षानुवर्षे पैसा ओतला, तरी पाचवीतल्या मुलाला दुसरीचे पुस्तक धड वाचता येत नाही. तेव्हा आधी हिशेब द्या, मग मागा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच वाद संपत नाही. माझ्या मते हा प्रश्न अर्थसंकल्पाचा असण्याआधी नीतीचा आहे. यात कोण कोणाचे देणे लागतो, हे ठरल्याखेरीज पुढचे काहीच ठरत नाही. आणि त्याचा विचार करायला आपल्या बडोद्याइतके योग्य गाव नाही.

सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये कायदा करून तो साऱ्या संस्थानाला लागू केला. सात ते बारा वर्षांचे मुलगे आणि सात ते दहा वर्षांच्या मुली यांना शाळेत पाठवणे पालकांवर बंधनकारक झाले. न पाठवणाऱ्याला दंड होऊ लागला. आपण या घटनेचे कौतुक करतो ते महाराजांचे औदार्य म्हणून. मला तिच्यात औदार्याहून वेगळे काही दिसते. गुरे राखणारे पोर शाळेत गेले की गुरे कोणी राखायची, हा प्रश्न त्या घरापुढे उभा राहतो. राज्याने त्या घरातले राबते हात काढून घेतलेले असतात, तेही दंडाचा धाक घालून. ज्याच्याकडून काही सक्तीने घेतले त्याला मोबदल्यात काही देणे, याला दान म्हणता येत नाही. ते ऋण होय. शुल्कमाफी हा त्या ऋणाचा पहिला हप्ता. मुलाला खरोखर लिहितावाचता येणे ही उरलेली रक्कम.

ही उरलेली रक्कम बडोद्यातही सहजासहजी फिटली नाही, हे आपण बडोदेकर फारसे बोलून दाखवत नाही. सक्ती लागू होऊन पंचवीस वर्षे झाल्यावर, १९३१ च्या जनगणनेत, संस्थानातील पाच वर्षांवरील लोकांत साक्षरांचे प्रमाण पाचांमागे एकाच्या आसपासच होते. त्रावणकोर आणि कोचीन ही संस्थाने, बडोद्यासारखी सरसकट सक्ती नसताना, पुढे होती. शाळा सुटली की मुले काही वर्षांत अक्षरओळख विसरतात, हे दरबाराच्या ध्यानात आले होते. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगावी ग्रंथालयांचे जाळे विणण्यामागे तेही एक कारण होते. फळ अपुरे दिसले तेव्हा या राज्यकर्त्याने शाळा आवरत्या घेतल्या नाहीत. त्याने पुस्तके पाठवली.

ब्रिटिश मुलखात नेमके उलटे घडले. नामदार गोखल्यांनी बडोद्याचा दाखला देत १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते फार मवाळ होते. स्थानिक संस्थांना सक्तीची मुभा द्यावी, एवढेच त्यात मागणे होते. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पैसा कोठून आणायचा आणि प्रशिक्षित शिक्षक कोठून आणायचे, हे आक्षेप त्यात होतेच. पुढे १९२९ साली हार्टोग समितीने प्राथमिक शिक्षणातील गळती आणि तीच इयत्ता पुन्हा पुन्हा करणारी मुले यांचे विदारक चित्र रेखाटले, ते खरेही होते. पण तिचा सल्ला असा की विस्ताराची घाई सोडून आहे ते सुधारावे. दर्जाची ही काळजी कोणाच्या दारात येऊन थांबते, ते पाहावे. ज्या मुलाला शाळाच मिळाली नाही, त्याच्या शिक्षणाचा दर्जा कोणता म्हणायचा?

म्हणून दर्जाची भाषाच टाकून द्यावी काय? तसे नव्हे. तिचे योग्य स्थान महात्मा फुल्यांनी १८८२ साली, म्हणजे सयाजीरावांच्या हाती राज्याची सूत्रे आल्याच्या पुढच्याच वर्षी, हंटर आयोगापुढील निवेदनात दाखवून ठेवले आहे. प्राथमिक शिक्षकाला निदान १२ रुपये आणि मोठ्या गावांत १५ ते २० रुपये वेतन असावे, असे त्यांनी मागितले. आणि ज्याची मुले अधिक संख्येने परीक्षेत उतरतील त्याला त्यावर जादा भत्ता द्यावा, असेही सुचवले. मागणीचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. पोटापुरते आधी, आणि ते निकालावर अवलंबून नाही. निकालाचे बक्षीस त्याच्या वर. इंग्लंडात १८६२ पासून रॉबर्ट लो यांच्या संहितेने याच्या उलट केले होते. तेथे शाळेचे अनुदानच मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन, अंकगणितातील परीक्षेवर बेतले गेले. शाळा तपासनीस असलेले कवी मॅथ्यू आर्नल्ड यांनी त्याला कडाडून विरोध केला. शतक संपता संपता ती पद्धत मोडीत निघाली. गुजरातेतही अनुदानित माध्यमिक शाळांचे अनुदान एकेकाळी बोर्डाच्या निकालाशी जोडलेले होते. आजारी माणसाचा ताप मोजायचा आणि ताप अधिक निघाला म्हणून औषध कमी करायचे, अशातला हा प्रकार.

आता दुसऱ्या पक्षाची बाजू. तिचा सर्वांत बोलका पुरावा याच शहरात मिळाला. २००० साली राज्य सरकारने येथील शंभर नगरपालिका शाळांना प्रत्येकी ४ संगणक दिले. दोन वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा प्राथमिक वर्गांतल्या मुलांचे हात त्यांना जवळजवळ लागलेलेच नव्हते. पैसा खर्च झाला होता, दप्तरी नोंद झाली होती, आणि तिसरीतल्या मुलांपैकी पहिलीच्या गणितातील प्रश्न सोडवू शकणारी मुले होती अवघी १९.५ टक्के. याच सुमारास 'प्रथम' या संस्थेने येथे आणि मुंबईत बालसखीचा उपक्रम चालवला. वस्तीतलीच, माध्यमिक शिक्षण झालेली एखादी तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून अक्षरे आणि आकडे शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे मोजमाप केले. मागे पडलेली मुले लक्षणीय पुढे सरकली. वर्गात मागे राहिलेल्या इतर मुलांना मात्र, वर्ग लहान झाला तरी, विशेष लाभ झाला नाही. आणि ते अडगळीतले संगणक? योग्य खेळ घालून आठवड्याला दोन तास मुलांपुढे ठेवताच गणितातली प्रगती बालसखीच्या वर्गांहूनही अधिक दिसली.

तेव्हा पैसा दिला म्हणजे झाले, हे म्हणणे टिकत नाही. आड भरलेला असला तरी पोहरा फुटका असू शकतो. इंडोनेशियात २००५ च्या कायद्याने प्रमाणित शिक्षकांचे वेतन जवळजवळ दुप्पट झाले. शिक्षक सुखावले, मुलांच्या शिकण्यात फरक दिसला नाही.

पण बालसखीच्या यशातून जो निष्कर्ष सोयीने काढला जातो, तो मला पटत नाही. तिचे मानधन महिना ५०० ते ७५० रुपये होते. एवढ्यात काम होते, मग जास्त कशाला, असे म्हणणारे अधिकारी, आणि नागरिकही, भेटतात. विद्यासहायकांना सुरुवातीला महिना २,५०० रुपयांच्या ठरीव पगारावर नेमण्यामागेही हीच दृष्टी होती. ज्यांनी आयुष्यभर वेतन आयोगांची वाट पाहिली, अशा सुशिक्षितांकडून हा युक्तिवाद ऐकताना गंमत वाटते. शिवाय त्याच संशोधनात पुढे नोंदवले आहे की उपक्रम थांबून वर्ष झाले, तेव्हा मुलांनी मिळवलेल्यातले बरेचसे विरून गेले होते. जे सातत्याने करावे लागते ते स्वस्तात उरकता येत नाही. बालसखीही कधीतरी लग्न होऊन जाणार, किंवा जरा बऱ्या पगाराची नोकरी धरणार.

आजची आपली व्यवस्था दोन वेगवेगळ्या वह्यांत हिशेब ठेवते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, प्राथमिक शाळेत ३० मुलांमागे एक शिक्षक अशी यादी आहे; मूल काय शिकले, हे त्या यादीत नाही. त्याच वर्षी गुजरातेत 'गुणोत्सव' सुरू झाला. मंत्री आणि अधिकारी शाळांत जाऊन मुलांचे वाचन, लेखन, गणन तपासू लागले आणि शाळांना श्रेणी लागू लागल्या. मोजणे वाईट नाही. न मोजणाऱ्याला आपण किती देणे लागतो हेही कळत नाही. मात्र खालची श्रेणी शाळेच्या आणि गुरुजींच्या नावावर लागते. ज्याने मुलाला कायद्याने वर्गात बसवले, त्याच्या नावावर ती लागत नाही. कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्चावे म्हटले त्याला अर्धशतक उलटून गेले. २०२० च्या धोरणात तोच आकडा पुन्हा लिहिला गेला.

निकृष्ट निकाल म्हणजे थकबाकीची नोटीस समजावी आणि ती आधी ऋणकोच्या घरी जावी, असे माझे म्हणणे आहे. त्या शाळेला उत्तम शिक्षक आधी मिळावा, आणि मग त्याच्याकडून काटेकोर हिशेब घ्यावा. आज या शाळांत येणारी मुले बहुतांशी बांधकामावरच्या मजुरांची, घरकाम करणाऱ्या बायांची आहेत. सयाजीरावांच्या शाळांत शिकलेल्यांची नातवंडे तेथे नाहीत. नगरपालिकेच्या मराठी शाळांतही नाहीत. हिशेब मागू शकणारे पालक शाळेबाहेर पडले आहेत, आणि आत असलेल्यांना तो मागता येतो हेच ठाऊक नाही. श्रेणीच्या तक्त्यात शाळेच्या नावापुढे आणखी दोन रकाने असावेत: वर्षभरात शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या होत्या, आणि असलेले शिक्षक निवडणूक आणि जनगणनेच्या कामावर किती दिवस होते. ही माहिती सरकारच्या दप्तरात आहेच. ती शाळेच्या फाटकावर, श्रेणीच्या शेजारी, पालकांना वाचता येईल अशा भाषेत लावायची आहे.